माळवदाचा गारवा, पत्र्याचा ताप

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा आग्रह मंडळाने धरला तेव्हा आम्ही बराच विचार केला. राजवाड्यांचा आणि किल्ल्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ज्या छताखाली आपण रोज रात्री पाठ टेकतो, त्या छताचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. म्हणून तोच लिहायला घेतला. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचं शिक्षण डाळमिलच्या पाळ्या आणि वाचनालयाचा बाक यांनी केलं. चूकभूल पदरात घ्यावी.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. लातूर, औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात जुनं घर म्हंजे माळवदाचं घर. काळ्या दगडाच्या आणि चिखलाच्या भिंती, दोन-तीन फुटांपासून कुठे कुठे पाच फुटांपर्यंत जाड. लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. घर किती मोठं हे खणांवर मोजायचे. मे महिन्याच्या भर दुपारी बाहेर पाय भाजत असत आणि माळवदाच्या घरात शिरलं की अंगावर गारवा यायचा. त्यात जादू काही नव्हती. जाड भिंतीतून उष्णता सावकाश आत येते. दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचेस्तोवर रात्र होते, आणि तोवर माणसं अंगणात किंवा माळवदावर झोपायला गेलेली असत. पावसाळ्यात छत गळू नये म्हणून वर नवी माती टाकायचे. अशी वर्षावर वर्षं माती चढत गेली. काही घरांवर ती दोन-अडीच फूट झाली होती.

पण हा गारवा सगळ्यांच्या वाट्याला नव्हता. दगड, लाकूड आणि गवंडी ज्याच्याकडे, त्याचं माळवद. आपल्या वस्तीत तुराट्यांचा कूड, वर शेणामातीचा लेप आणि डोक्यावर गवत किंवा पाचट. जळायची भीती, गळायची भीती. दुपारचा आसरा एकच, वस्तीच्या कडेचा लिंब. आमच्या लहानपणी बाया त्या सावलीतच तूर निवडायच्या, बाळांना झोळीत टाकायच्या. लिंबाची सावली सरकेल तशी झोळीही सरकायची.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरच्या आसपासची जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. ज्या भिंतीने पिढ्यान् पिढ्या गारवा दिला, तीच भिंत अंगावर आली. चिखलात बसवलेले गोटे सुटले आणि वरची टनावारी माती झोपलेल्या लेकराबाळांवर कोसळली. कुडाच्या आणि गवताच्या हलक्या घरांतली पुष्कळ माणसं मात्र वाचली. यात आनंद मानण्यासारखं काही नाही. आम्ही तेव्हा ऐन तरुण होतो. ढिगारे उपसताना कोणाचा वाडा आणि कोणाची झोपडी हे कुणी विचारलं नाही. पण इतिहास लिहायचा तर हेही लिहिलंच पाहिजे.

त्या दिवसापासून आपल्या भागातल्या माणसाच्या मनात दगड-मातीची धास्ती बसली. आधी तंबू, मग पत्र्याची निवारा घरं. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या हिशेबाने मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली, हे मान्य करावंच लागेल. पण उघड्या माळावर, सरळ रुंद रस्ते आणि सावलीचं झाड नाही. सिमेंटचं पातळ छत दिवसभर तापायचं आणि रात्री तो ताप खाली सोडायचं. जागा पुरेना म्हणून लोकांनी पुढे पत्र्याची छपरी काढली. ज्यांचा पुनर्वसनाशी संबंध नव्हता, त्या गावांतही माळवद उतरवून पत्रे चढले. मरण टळलं आणि ताप घरात आला.

आमची अक्का नांदेडला दिलेली. गोदावरीच्या काठच्या त्या शहरात मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या वर चढणं नवीन नाही. अक्काची खोली पत्र्याची. एका उन्हाळ्यात आम्ही गेलो तर म्हातारी ओला पदर डोक्यावर घेऊन दारात बसलेली. म्हणाली, "फॅन नुसता ताप फिरवतोय रे." पत्रा उन्हात साठ अंशांच्याही वर तापतो आणि तवा उलटा धरल्यासारखी धग खाली येते. नवा पत्रा चकाकतो, बरंच ऊन परत फेकतो. पण जेवढं शोषतो ती उष्णता बाहेर टाकायला तो कच्चा असतो. गंज चढला की परत फेकणंही संपतं.

इथेच आम्हाला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. माळवदाने गारवा दिला तो वजनाने, आणि त्या वजनानेच घात केला. पण गारवा वजनाशिवायही मिळतो. पांढऱ्या रंगाला वजन नाही आणि सावलीलाही वजन नाही. भूकंपात चुना कुणाच्या अंगावर पडून माणूस मरत नाही. आपण दगडाला घाबरलो ते बरोबरच होतं, पण त्या घाईत चुना आणि सावलीही मागे सोडून आलो. पक्कं घर म्हणून गडद तांबडा, हिरवा रंग देऊ लागलो, गच्ची काळी पडू दिली, आणि अंगणातला लिंब तोडून तिथे खोली काढली.

पांढरा रंग बहुतेक ऊन परत फेकतो, आणि शोषलेलं थोडं बाहेरही टाकतो. छत पांढरं केल्यावर खोलीतल्या तापमानात २ ते ५ अंशांचा फरक पडल्याचं अनेक ठिकाणच्या मोजमापांत आढळलं आहे. पण चुना कुठे द्यायचा हे समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडे मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसं लागतच नाही. सगळा मार छतावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिम भिंतींवर. म्हणून पहिला चुना छताला आणि पहिली सावली पश्चिमेला. आपण दिवाळीला दर्शनी भिंत रंगवतो, ती शोभेसाठी. उन्हाळ्याचा चुना होळीच्या आसपास, आणि तोही छतावर द्यायला हवा.

हे शहाणपण कारखान्यांनाही माहीत होतं. नांदेडला उस्मानशाही मिल होती. अशा जुन्या कापडगिरण्यांची छपरं पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखी असत आणि काचा उत्तरेला. उजेड आत यावा, ऊन येऊ नये. मालाची आणि यंत्राची इतकी काळजी घेतली जात होती, तर माणसाच्या झोपेची का घेऊ नये? शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं. मे २०१० च्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं.

कुणी म्हणेल, कूलर घ्या. पण कूलरला पाणी लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलो नाही. चुन्याला वर्षातून एकदा काही बादल्या पाणी पुरतं. सिमेंटच्या छताला चुनकळी रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, थोडा डिंक किंवा सरस घालून दोन हात द्यावेत. चुनकळीवर पाणी पडलं की ती उकळते, म्हणून लेकरांना लांब ठेवावं आणि डोळे सांभाळावेत. पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे गंज घासून पांढरा ऑइलपेंट द्यावा. जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये, फळी टाकून काम करावं. पश्चिमेला तुराट्यांचा मांडव चालेल, फक्त चूल लांब ठेवावी. आणि पहिल्या पावसात लिंब किंवा करंज लावावा.

आम्ही दोघांनी अक्काचा पत्रा एका दिवसात रंगवला. खोली काही महाबळेश्वर झाली नाही. पण त्या उन्हाळ्यात अक्का दुपारी दारात न बसता आत आडवी झाली.

आपल्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पत्र्याच्या खोल्या कोणत्या, हे आपल्याला घर न् घर माहीत आहे. पुढच्या होळीआधी तरुणांनी दोन रविवार काढावेत आणि सुरुवात त्या खोल्यांपासून करावी. विहाराच्या सभागृहाचं छत त्यानंतर. ब्रश आम्ही आणतो.