दारातले धरणे, फोनमधले धरणे

गेल्या वैशाखात एका दुपारी आमच्या प्रतापनगरच्या घरी फोन आला. वहिनींनी उचलला. पलीकडे बाईचा गोड, अगदी शुद्ध मराठी आवाज होता. तुमच्या मुलाने कर्ज थकवले आहे, त्याला समज द्या, असे तो सांगत होता. "आपण कोण, कुठून बोलता?" असे वहिनींनी तीनदा विचारले. तिन्ही वेळा तेच वाक्य त्याच सुरात आले. पलीकडे माणूसच नव्हता. दोन दिवसांत हाच आवाज अमरावतीच्या आत्याने ऐकला, दूधवाल्याने ऐकला, आणि मुलीकडच्या ज्या मंडळींशी पुतण्याच्या लग्नाची बोलणी चालू होती त्यांनीही ऐकला.

कर्ज चौदा हजारांचे होते. संध्याकाळी दादा वहिनींना म्हणाले, "तूच लाडावून ठेवलेस." वहिनी म्हणाल्या, "फोन कुणी घेऊन दिला?" रात्री उशिरापर्यंत दोष घरातल्या घरातच फिरत राहिला. ज्यांनी पुतण्याच्या फोनमधून सगळ्यांचे नंबर उचलले, त्यांचा उल्लेखसुद्धा कुणी केला नाही.

मी आयुष्यभर कायद्याचा इतिहास शिकवला. घरातले ते भांडण ऐकताना मला काटोलकडच्या आमच्या आजोबांची आठवण झाली. पणजोबांनी बैलजोडीसाठी काढलेले कर्ज ते अर्धे आयुष्य फेडत होते. ते त्यांनी का फेडले, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

बापाचे ऋण मुलाने फेडावे, हा आपल्याकडचा जुना धर्म. पण स्मृतिकारांनी त्यालाही कुंपण घातले होते. मुलाने मुद्दल आणि व्याज द्यावे, नातवाने फक्त मुद्दल. दारू, जुगार, कामवासना यांपायी केलेले कर्ज मुलावर येत नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. ज्याने वारसा घेतला त्याने ऋण फेडावे, हेही तोच सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला राहून विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली आणि पुढे महाराष्ट्रातल्या वारसाहक्काचा पाया तीच ठरली.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी मात्र वारसाला काही मिळो न मिळो, देणे त्याच्या माथी मारले. 1866 च्या सातव्या कायद्याने ते थांबवले आणि जेवढी मिळकत हाती आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी ठेवली. तरी कुणब्यांची सुटका झाली नाही. बापाचा रोखा फाडून मुलाच्या नावाने नवा लिहून घेतला की जुने ऋण नवे होत असे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्यांत असे वाडवडिलांचे देणेही होते. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला एक मोठा अधिकार दिला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता त्याने व्यवहाराच्या मुळापासून हिशेब उलगडावा आणि आकडा कसा झाला ते पाहावे. मला हा कायदा त्या शतकातला सर्वांत शहाणा कायदा वाटतो.

आमचा मध्य प्रांत मुंबईच्या या दोन्ही कायद्यांच्या बाहेर होता. तरी इकडेही जबाबदारी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपलीकडे जात नसे, आणि 1933 मध्ये कर्जाची तडजोड करून देणारा कायदाही आला होता. आजोबांना यातले काही ठाऊक नव्हते असे नाही. सावकाराचा माणूस ओसरीवर येऊन बसे आणि गाव बघत असे, म्हणून ते फेडत राहिले.

ते बसणे म्हणजे जुन्या धरण्याचा अवशेष. धरणेकरी ऋणकोच्या दारात उपाशी बसे. 1860 च्या भारतीय दंडविधानाच्या 508 व्या कलमाखाली उदाहरण म्हणून हेच धरणे दिले होते. दैवी कोपाची भीती घालणे हा त्यात गुन्हा ठरला. पण त्या धरण्यात एक समतोल होता. बसणारा स्वतःही उपाशी राहत असे, आणि तो कुणाचा माणूस हे अख्ख्या गावाला माहीत असे. वहिनींना आलेला आवाज एकाच वेळी शंभर दारांत बसू शकतो. त्याला भूक नाही आणि चेहराही नाही.

मग त्याच्या कृत्याला जबाबदार कोण? 2024 च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या एका न्यायाधिकरणापुढे एअर कॅनडाचे प्रकरण आले. आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका माणसाला कंपनीच्या चॅटबॉटने सवलतीची चुकीची माहिती दिली होती. आपल्या बोलण्याला चॅटबॉट स्वतःच जबाबदार आहे, असा कंपनीचा बचाव न्यायाधिकरणाने फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. याज्ञवल्क्याला हा निकाल परका वाटला नसता.

आपल्याकडे 9 सप्टेंबर 2005 पासून, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने, केवळ पुत्रधर्म म्हणून बापाच्या नव्या कर्जासाठी मुलावर दावा लावता येत नाही. मुलाच्या कर्जासाठी आईवर तर कधीच लावता येत नव्हता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधल्या संपर्कयादीला हात लावण्यास मनाई केली. वसुलीचे काम दुसऱ्याकडे सोपवले तरी धनकोची जबाबदारी सुटत नाही, हेही स्पष्ट केले. म्हणजे कायदा वहिनींच्या बाजूचा आहे. आजोबांच्या वेळीही तो बऱ्यापैकी त्यांच्या बाजूचा होता.

दुसऱ्या दिवशी मी दादांना हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "असेल. पण मुलीकडच्यांना काय सांगू?" पुतण्याने मुद्दल आणि रास्त व्याज भरले, ते त्याचेच देणे होते. वहिनींचा नंबर कोणत्या कागदावरून, कुणाच्या परवानगीने घेतला, असे विचारणारे पत्र मी धनकोला पाठवले. उत्तर तासाभरात आले. भाषा नम्र होती, गैरसोयीबद्दल खेद होता, प्रश्नाचे उत्तर नव्हते आणि खाली कुणाचे नाव नव्हते. तीस दिवस वाट पाहिली. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. तक्रारदार म्हणून सही वहिनींनी केली आहे, आणि त्यांच्या सांगण्यावरून दादांनीही.