माचिको हासेगावा : घरगुती विनोदाची चित्रकर्ती
जपानच्या आद्य महिला व्यंगचित्रकारांपैकी एक असलेल्या माचिको हासेगावा यांचा जन्म ३० जानेवारी १९२० रोजी सागा प्रांतात झाला. वडिलांच्या निधनानंतर टोकियोत त्यांनी सुइहो तागावा यांच्याकडे व्यंगचित्रकलेचे धडे घेतले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात १९४६ साली फुकुओकाच्या एका दैनिकात त्यांची ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची मालिका सुरू झाली. टंचाईच्या दिवसांत हसतमुखाने घर सांभाळणारी ही मनमोकळी नायिका वाचकांना आपलीशी वाटली. पुरुषांचे प्राबल्य असलेल्या या क्षेत्रात हासेगावा यांनी थोरल्या बहिणीसमवेत स्वतःची प्रकाशनसंस्थाही उभारली. ‘आसाही शिम्बुन’मधून ही मालिका १९७४ पर्यंत चालली, १९६९ पासून ती दूरचित्रवाणीवर सुरू आहे. २७ मे १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जपान सरकारने त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान प्रदान केला.