बर्कलीहून निघालेली टेप

चिप डिझाइनच्या आजच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचे परवाने इतके महाग असतात की लहान कॉलेजं त्यांची चौकशीही करत नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेनं पन्नास वर्षांपूर्वी ‘स्पाइस’ हा सर्किट सिम्युलेटर मागेल त्याला दिला, ही हकीकत दातृत्वाची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती एका हिशेबी व्यवहाराची कथा वाटते. पैसे घेतले नाहीत, पण मोबदला घेतला. आणि तो मोबदला सोर्स कोड उघडा ठेवल्याशिवाय मिळालाच नसता.

सुरुवात १९६९-७० मध्ये रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गात झाली. विद्यार्थ्यांनी मिळून एक सिम्युलेटर लिहिला आणि त्याला ‘कॅन्सर’ हे भलतंच नाव दिलं. इंग्रजी आद्याक्षरांच्या त्या नावात ‘किरणोत्साराचा विचार वगळून’ असा भाग होता. तो मुद्दाम मारलेला टोमणा होता, कारण संरक्षण खात्याच्या पैशावर लिहिलेल्या त्या काळच्या अनेक प्रोग्रामांना सर्किटवर होणारा किरणोत्साराचा परिणाम मोजावा लागे. पुढे रोहरर बर्कली सोडून गेले आणि त्यांचा विद्यार्थी लॉरेन्स नेगल हा डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली आला. ‘कॅन्सर’वर मालकीची बंधनं होती. ती सुटतील इतपत प्रोग्राम नव्यानं लिही, असा पेडरसन यांचा आग्रह होता. त्यातून स्पाइस तयार झाला. १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या परिषदेत तो मांडला गेला आणि १९७५ मध्ये त्याची दुसरी, खऱ्या अर्थानं गाजलेली आवृत्ती आली. म्हणजे वितरणाची अट आधी ठरली आणि कोड तिच्या मापानं लिहिला गेला. हा क्रम पाहिला की खुलेपणा नंतर सुचलेलं औदार्य होतं असं म्हणता येत नाही.

टेप मिळाली म्हणून काम होत नसे. चुंबकीय टेपवर फोरट्रानमधला सोर्स कोड यायचा; तो आपल्या संगणकावर चालवणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. स्पाइस घडला होता सीडीसी ६४०० या ६० बिटांच्या शब्दाच्या यंत्रावर. ३२ बिटांच्या यंत्रावर तेवढी अचूकता आपोआप येत नसल्यानं गणितं दुप्पट लांबीच्या आकड्यांत करावी लागत. ही मेहनत करणारा इंजिनिअर कोड आतून ओळखू लागे, चुका शोधे, ट्रान्झिस्टरची मॉडेलं सुधारी आणि त्यातलं बरंचसं बर्कलीला परत कळवी. पेडरसन यांचं म्हणणं साधारण असं होतं, की विक्रेता म्हणून गेलो तर कंपनीच्या पुढच्या दारात थांबावं लागतं. कोड देऊन टाकला की मागच्या दारानं थेट इंजिनिअरांपर्यंत जाता येतं. विद्यापीठाचा मोबदला तो हाच. आयबीएमचा ‘अ‍ॅस्टॅप’ही तेव्हा होता आणि गणिती दृष्ट्या तो काही कमी नव्हता. पण तो आयबीएमच्या यंत्रांशी बांधलेला राहिला. स्पाइस मात्र बर्कलीतून शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर कंपन्याकंपन्यांत पोचला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: विद्यापीठानं फुकट दिलं आणि कंपन्यांनी त्यावर कुलूप लावून धंदा केला. खरं आहे. मेटा-सॉफ्टवेअरचा एचस्पाइस आणि मायक्रोसिमचा पीस्पाइस ही त्याच वंशातली विकाऊ उत्पादनं. पण कुलूप लागलं ते त्यांच्या सुधारित प्रतींना. मूळ कोड होता तिथेच राहिला. शिवाय त्यांना स्पाइसची लेखनपद्धती टाकता आली नाही, कारण ग्राहकांची सर्किटं तिच्यातच लिहिलेली होती. आजही अनेक स्पाइस सिम्युलेटर फाइलची पहिली ओळ शीर्षक समजून सोडून देतात. पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड नावाचं असे, त्याचा हा अवशेष. ज्याचा आराखडा प्रतिस्पर्ध्यांनाही पाळावा लागतो, त्यानं काही गमावलं असं म्हणणं अवघड आहे. अधिक गंभीर आक्षेप परवान्यांचा आहे. बर्कलीच्या एका इलेक्ट्रॉनिक डिझाइन प्रोग्रामच्या परवान्यात दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांना तो वापरायला मनाई होती. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धची ती भूमिका समजण्यासारखी असली, तरी ‘मागेल त्याला’ या शब्दांना तिनं मर्यादा घातली, आणि पुढे खुल्या सॉफ्टवेअरच्या व्याख्येवर लिहिताना तेच कलम काय टाळावं याचं उदाहरण ठरलं. खुलेपणाच्या अटी विद्यापीठ स्वतः ठरवत होतं. ते तेव्हाही निरपेक्ष नव्हतं.

एका यशस्वी प्रोग्रामवरून नियम काढू नये, असंही कुणी म्हणेल. मग ‘मॅजिक’ पाहावा. १९८० च्या दशकात जॉन ऑस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बर्कलीतच केलेला हा लेआउट एडिटर चित्र काढता काढता डिझाइनचे नियम तपासत असे. कोड उघडा असल्यामुळे मूळ गट पांगल्यावरही इतरांनी तो चालू ठेवला. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेची माहिती खुली केली, तेव्हा तिच्याबरोबर वापरायला तो हाताशी होता. स्पाइसच्या तिसऱ्या आवृत्तीवरून एनजीस्पाइस निघाला, आणि पवईला आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं बांधलेल्या ‘ईसिम’च्या पोटात सर्किटची गणितं करतो तो हाच एनजीस्पाइस.