जू, जुळे आणि जुगलबंदी

बारोक संगीत आणि अर्जेंटिनाचा टँगो एकत्र वाजवणाऱ्या दोन वादकांचा कार्यक्रम सांगलीत ठरला, तर फलकावर काय रंगवतील? ‘जुगलबंदी’च. शब्द इतका सरावाचा, की त्याचे दोन तुकडे दोन मुलुखांतले आहेत हे जाणवतही नाही.

‘जुगल’ म्हणजे संस्कृत ‘युगल’. प्राकृतात आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो. त्याच वाटेने ‘युगल’चे आपले ‘जुळे’ झाले आणि ‘युग’चे बैलांच्या मानेवरचे ‘जू’. ‘बंदी’ मात्र फारसी. ही दारूबंदीतली मनाई नव्हे, तटबंदीतली बांधणी. मिरजेच्या मैफलींत रंगणारी ‘बंदिश’ही त्याच फारसी धातूची, आणि तो धातू संस्कृत ‘बंध्’चा भाऊबंद.

म्हणजे जुगलबंदी ही जोडीची बांधणी. मग वर्तमानपत्रांत दोन पुढाऱ्यांच्या शाब्दिक चकमकीलाही ‘जुगलबंदी’ कसे म्हणतात? कारण आपल्याकडे जोडी आणि झुंज एकाच घरात नांदतात. ‘द्वंद्व’ म्हणजे मुळात दोन-दोन. त्यातूनच द्वंद्वगीत आले आणि द्वंद्वयुद्धही. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर सवाल-जवाबांत एकमेकांना कोंडीत पकडत. आज ‘कलगीतुरा’ म्हणजे चारचौघांतले भांडण. तमाशाची ही परंपरा ज्यांनी गाजवली ते पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. 1866 साली ते जन्मले तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली झाले. सातारा-सांगली हे जुळेच म्हणायचे!

गंमत म्हणजे बारोक काळात बहरलेल्या ‘कॉन्चेर्तो’ या शब्दातही हीच दुहेरी ओढ आहे. लॅटिन ‘कॉन्चेर्तारे’ म्हणजे झुंजणे, इटालियनमध्ये त्याचाच अर्थ जुळवून घेणे. टँगोचे थोर रचनाकार आस्तोर पियाझोला यांनी 1979 साली बँडोनियनसाठी कॉन्चेर्तो लिहिला. बँडोनियन म्हणजे दोन्ही हातांनी भाता उघडमीट करत वाजवायचे, आपल्या पेटीसारखेच धातूच्या कंप पावणाऱ्या पत्त्यांवर बोलणारे वाद्य.

बारोकचे लाडके व्हायोलिन आपल्याकडे जुगलबंदीत रुळवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यात जन्मलेले वि. गो. जोग (1922–2004) अग्रणी. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. एकीकडे फुंकर, दुसरीकडे गज. पण दोन्ही स्वर सलग ओढणारे, म्हणून एकाची मींड दुसऱ्याला पुढे नेता येई.

इथे ‘साथ’ आणि ‘जुगलबंदी’ यांतले अंतर कळते. ‘साथ’ संस्कृत ‘सार्थ’वरून आला, सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. तांड्यात कुणीतरी पुढे असतो, बाकीचे मागून चालतात. जुवाखाली तसे नसते: एक बैल पुढे सरला की जू तिरके होते. तेव्हा व्हायोलिनने बँडोनियनखाली नुसता सूर भरला, तर ती साथ. दोघांनी एकमेकांना सवाल टाकले, तर जुगलबंदी. आणि कुणाचे नाव आधी छापायचे यावरून आयोजकांना घाम फुटला, तर फलकावरचा शब्द अगदी बरोबर निवडला आहे असे खुशाल समजावे.