समर्थांची चौकशी

अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९९३ साली ‘द एक्स-फाइल्स’मधून मल्डर आणि स्कली ही श्रद्धा व संशय यांची जोडी अवतरली, त्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या नारायण धारपांनी (१९२५–२००८) मराठी वाचकाला ‘समर्थ’ हे अतींद्रिय संकटांचे निवारक दिले होते. विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या लेखकाचे हे समर्थ मांत्रिकाचा थयथयाट करीत नाहीत. भेदरलेल्या माणसाची जबानी ते शांतपणे ऐकून घेतात, वास्तूची पाहणी करतात, आणि अनिष्ट शक्तीचे स्वरूप उमगल्यावरच तिच्यासमोर उभे राहतात. हा संयमच मला त्यांच्या सामर्थ्याहून मोलाचा वाटतो.

धारपांच्या कथा ‘अनोळखी दिशा’मधून पडद्यावर आल्या, २०१८ साली झी मराठीवर ‘ग्रहण’ आली. परंतु समर्थांना त्यांच्या तोलाची दीर्घ मालिका लाभावी आणि तिचे एखादे प्रकरण मुळशी पेट्यात घडावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. कारण जेथे १९२१ साली सेनापती बापटांसह मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला आणि तरीही घरेदारे, भातखाचरे, देवळे पाण्याखाली गेली, तेथील चौकशीला सरकारी दफ्तरातील भूसंपादनाच्या कागदांपासूनच आरंभ करावा लागेल.