आडवे इंजिन आणि रिकामा डबा

यंत्रांच्या इतिहासात शोधकाचे नाव आणि शोधाचे साल एवढ्याच गोष्टी बहुधा ठळक अक्षरांत लिहिल्या जातात. त्या शोधात दुसऱ्याच्या कल्पनेचा, उसन्या भागांचा आणि मोडीत निघालेल्या वस्तूंचा वाटा किती, हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. हिरवळ कापण्याच्या यंत्राची हकीकत मात्र अशी आहे, की तो हिशेब मांडल्यावाचून ती पुरी होत नाही.

या यंत्राचा जन्मच मुळी उसनवारीतून झाला. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणून झालेल्या कापडावर उभी राहिलेली लव एकसारखी छाटण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे एक यंत्र वापरीत. एडविन बडिंग या कारागिराने ते पाहिले आणि त्याच्या मनात विचार आला, की हिरवळ म्हणजे तरी काय? जमिनीवर अंथरलेले लवदार कापडच ते! इ. स. १८३० मध्ये त्याने हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. रुळाभोवती गुंडाळल्यासारखी वक्र पाती आणि त्यांच्याखाली एक स्थिर पाते, अशी त्याची रचना होती. दोहोंच्या मध्ये सापडलेले गवत कात्रीत सापडावे तसे कापले जाई. हे यंत्र माणसे ढकलीत. मोठी यंत्रे घोडे ओढीत.

पुढे पेट्रोलवर चालणारी इंजिने आली. इंग्लंडमधील रॅन्सम्स या कारखान्याने १९०२ च्या सुमारास पेट्रोल इंजिनाचे यंत्र विक्रीस आणले. परंतु इंजिनाची गती रुळाच्या पात्यांपर्यंत पोचविण्यासाठी साखळ्या आणि दातेरी चाके लागत. यंत्र जड होई आणि महागही पडे. मोठ्या बागा आणि खेळांची मैदाने यांना ते परवडे. सामान्य गृहस्थाला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात हा सामान्य गृहस्थच या कथेचा नायक झाला. सिडनीसारख्या शहरांभोवती नव्या वसाहती झपाट्याने वाढल्या. प्रत्येक घराला पुढे-मागे मोकळी जागा आणि त्या जागेत भराभर वाढणारे गवत! सुटीचा अर्धा दिवस ढकलयंत्रामागे घाम गाळण्यात जाई. अशा काळात, १९४८ मध्ये, सिडनीतील एका उद्यानात लॉरेन्स हॉल याने आपल्या ‘मोहॉल’ नावाच्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. त्यात कात्रीचे तत्त्व सोडून दिलेले होते. जमिनीला समांतर फिरणारे पाते केवळ वेगाच्या बळावर, विळ्याच्या फटक्याप्रमाणे, गवत उडवीत असे. इंग्लंड-अमेरिकेत असे प्रयोग त्यापूर्वीही झालेले होते. मोहॉलची अडचण एवढीच, की ते चालविण्यास दोन माणसे लागत. एकाने ढकलायचे आणि दुसऱ्याने दोर धरून ओढायचे.

हे प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांत मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन हा गृहस्थ होता. त्याचा जन्म १८९३ चा. मोटारींच्या धंद्यात त्याने उमेदीची वर्षे घातली होती आणि महामंदीत त्या धंद्याने त्याला बुडविले होते. त्याचा मुलगा सुटीत लोकांच्या घरची हिरवळ कापून चार पैसे मिळवी. त्याच्यासाठी बापाने प्रथम जुन्या पद्धतीचे, रुळाच्या पात्यांचे इंजिनयंत्र तयार करून दिले. परंतु त्याचे समाधान झाले नाही. १९५२ साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, तो आपल्या गॅरेजमध्ये हाताशी असलेले सामान घेऊन पुन्हा कामाला लागला. व्हिलियर्स कंपनीचे एक छोटे टू-स्ट्रोक इंजिन, काही भंगार लोखंड, मुलांच्या खेळगाडीची चाके आणि पीच फळांचा एक रिकामा डबा, एवढी ती सामग्री होती.

रिचर्डसनने केलेली मुख्य गोष्ट सांगायला अगदी सोपी आहे. त्याने उभे इंजिन आडवे पाडले. इंजिन आडवे होताच त्याचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, जमिनीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या टोकालाच पाते बसविले, की साखळी नको आणि दातेरी चाकेही नकोत. जडपणाचे मूळच नाहीसे झाले.

मात्र वाटेल ते इंजिन असे आडवे पाडता येत नाही. नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी वंगणाचे तेल साठविलेले असते. ते कलंडले, की तेल भलतीकडे जाते, भाग कोरडे पडतात आणि घासून जखडतात. टू-स्ट्रोक इंजिनात असा साठा नसतो. त्याचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि मिश्रणाबरोबर आत शिरून ते दट्ट्याला व क्रँकला वंगण पुरविते. म्हणून असे इंजिन उभे असो वा आडवे, त्याचे अडत नाही. कार्बोरेटरची गोष्ट निराळी. त्यातील तरंगता गोळा पेट्रोलची पातळी राखतो. तो सरळच राहिला पाहिजे. शिवाय पंपावाचून पेट्रोल उतरायचे, तर टाकी कार्बोरेटरहून उंच हवी. ती उंच जागा पीचच्या डब्याने घेतली. पाकातील फळे महिनेच्या महिने सांभाळणारा डबा गळका नसतो, हे तर कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते!

भंगारातील प्रत्येक वस्तूची जागा अशी विचाराने ठरलेली होती. इंजिनाचे अंतरंग ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती हेच सामान नुसते अडगळ म्हणून पडून राहिले असते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ही यंत्रे विक्रीस निघाली आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये कंपनीची रीतसर स्थापना झाली. रिचर्डसनच्या ‘व्हिक्टर’ या नावावरून यंत्राला ‘व्हिक्टा’ हे नाव मिळाले. मागणी इतकी वाढली, की काही वर्षांतच मिलपेरा येथे मोठा कारखाना उभारावा लागला. तोवर दुसऱ्याच्या इंजिनाची गरजही सरली होती. गवत कापण्याच्या कामासाठीच आखलेले इंजिन कंपनी स्वतः बनवू लागली होती. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिक क्रीडासोहळ्याच्या उद्घाटनात हे गवत कापण्याचे यंत्र राष्ट्राच्या एका खुणेच्या रूपाने मिरविले गेले. ते पाहण्यास रिचर्डसन नव्हता. तो १९७२ मध्ये वारला होता.

मग या यंत्राचा शोधक कोण? लोकांच्या तोंडी रिचर्डसनचेच नाव बसले आणि हॉलचे मागे पडले. इतिहासाने मात्र दोघांना न्याय दिला पाहिजे. फिरत्या पात्याचे यंत्र त्या उद्यानात हॉलने आधी आणले, हे मान्य केल्याने रिचर्डसनचे मोठेपण उणावत नाही. दोघांचे काम एकाला आणि घरच्या घरी करता यावे, ही त्याची देणगी आहे. बडिंगने तरी कापडाच्या गिरणीकडूनच उसने घेतले होते. गिरणीमालक, कारागीर, इंजिने घडविणारे अनामिक कामगार आणि पीचचा डबा बनविणाराही, अशा सर्वांची भर त्या एका यंत्रात पडली आहे.

दट्ट्या, त्याचा जोडदांडा आणि क्रँक हे टू-स्ट्रोक इंजिनाचे तीनच मुख्य हलते भाग. म्हणूनच बंद पडलेले असे इंजिन खोलून, दुसऱ्या मोडक्या इंजिनाचा चांगला भाग त्यात बसवून, ते पुन्हा चालू करणे साध्या कारागिरालाही साधते. असे जुने इंजिन जो जुळवितो, तो नकळत बडिंगच्या, हॉलच्या आणि रिचर्डसनच्याच वाटेने जात असतो. टाकून दिलेल्या वस्तूत अजून काय शिल्लक आहे, हे ओळखणारी नजर त्या तिघांप्रमाणे त्याच्यापाशीही असते.