पार्किन्सन रोग आणि नैसर्गिक प्रतिपिंडे

पार्किन्सन रोग (कंपवात) हा मेंदूतील चेतापेशींचा हळूहळू ऱ्हास घडवून आणणारा विकार आहे. या रोगात आल्फा-सिन्युक्लिइन नावाचे प्रथिन पेशींमध्ये साचते. या प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे निरोगी माणसांच्या रक्तातही आढळतात. कोणतीही लस किंवा संसर्ग नसताना ती शरीरात असतात, म्हणून त्यांना 'नैसर्गिक प्रतिपिंडे' म्हणतात. ही प्रतिपिंडे मेंदूचे रक्षण करतात, रोगाला हातभार लावतात, की पेशींच्या पडझडीनंतर केवळ खूण म्हणून मागे राहतात, याबद्दल संशोधकांत एकमत नाही.

== नैसर्गिक प्रतिपिंडे म्हणजे काय ==

एरवी प्रतिपिंड तयार होण्यासाठी शरीराची परक्या पदार्थाशी गाठ पडावी लागते. गोवर एकदा झाला की त्याविरुद्धची प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात, ती याच रीतीने. नैसर्गिक प्रतिपिंडे अशा भेटीची वाट पाहत नाहीत. त्यांतील बरीचशी 'आयजीएम' वर्गाची असून ती मुख्यतः बी-१ प्रकारच्या पेशींपासून निर्माण होतात. त्यांची पकड सैल असते, पण एकच प्रतिपिंड अनेक पदार्थांना चिकटू शकते. मृत पेशींचे अवशेष आणि बिघडलेली प्रथिने उचलून नेण्यास मदत करणे हे त्यांचे एक काम मानले जाते. आपल्याच शरीरातील घटकांना ओळखणाऱ्या 'आयजीजी' वर्गाच्या प्रतिपिंडांनाही याच नावाने संबोधले जाते, आणि पार्किन्सन रोगाच्या संदर्भात चर्चा प्रामुख्याने याच वर्गाची होते.

नैसर्गिक प्रतिपिंडांचे सर्वपरिचित उदाहरण रक्तगटांचे आहे. 'ए' गटाच्या माणसाने 'बी' गटाचे रक्त कधीही घेतलेले नसले, तरी त्याच्या रक्तद्रवात 'बी'विरोधी प्रतिपिंड असते. ते जन्मतः नसते, तर बाळ काही महिन्यांचे झाल्यावर दिसू लागते. आतड्यांतील जिवाणूंवर रक्तगटांसारख्याच शर्करा असतात आणि त्यांच्यामुळे हे प्रतिपिंड घडते, असे मानले जाते. म्हणजे 'नैसर्गिक' हा शब्द येथे काहीसा सैलपणे वापरला जातो, हे ध्यानात ठेवावे लागते.

या प्रतिपिंडांचे सामर्थ्य किती असू शकते, हे महाराष्ट्रातच सापडलेल्या एका रक्तगटावरून कळते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतील अशा व्यक्तींची नोंद केली, की ज्यांच्या तांबड्या पेशींवर 'ए' आणि 'बी'च नव्हे, तर 'ओ' गटाच्या पेशींवरही असणारे 'एच' हे प्रतिजनसुद्धा नव्हते. हाच पुढे 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला गेला. अशा व्यक्तीच्या रक्तात 'एच'विरोधी नैसर्गिक प्रतिपिंड असते. त्यामुळे सर्वांना चालणारे समजले जाणारे 'ओ' रक्तही तिला चालत नाही. दिल्यास दात्याच्या तांबड्या पेशी फुटून प्राणावर बेतू शकते. नेहमीच्या तपासणीत हा गट 'ओ' म्हणून दिसू शकतो, ही त्यातील आणखी एक अडचण. ज्या प्रतिपिंडाला कधी आव्हानच मिळालेले नव्हते, ते पहिल्याच चुकीच्या रक्तसंक्रमणात एवढा परिणाम घडवते. मेंदूच्या रोगातही अशा प्रतिपिंडांचा काही वाटा असावा, ही शंका म्हणूनच अवास्तव ठरत नाही.

== आल्फा-सिन्युक्लिइन ==

इंग्लिश वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले. १९१२ मध्ये फ्रेडरिक लेवी यांनी रुग्णांच्या मेंदूतील पेशींत गोलसर साठे पाहिले. त्यांना आज 'लेवी पुंज' म्हणता येईल. हे साठे प्रामुख्याने आल्फा-सिन्युक्लिइनचे असतात, हे मात्र १९९७ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी, काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या पार्किन्सन रोगामागे याच प्रथिनाच्या जनुकातील बदल असल्याचेही आढळले.

हे १४० अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन निरोगी मेंदूतही असते आणि चेतापेशींच्या टोकांशी संदेशवहनाच्या कामात सहभागी होते. रोगात त्याची घडी बिघडते, रेणू एकमेकांना चिकटतात, आणि बिघडलेला रेणू शेजारच्या रेणूलाही बिघडवतो. मध्यमेंदूतील 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या काळसर भागातील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी यात विशेषत्वाने नष्ट होतात. त्यातूनच हात थरथरणे, हालचाली मंदावणे आणि अंग ताठरणे ही लक्षणे उद्भवतात. बिघडलेले रेणू एका पेशीतून दुसरीत जात असतील, तर वाटेत पेशीबाहेर असताना प्रतिपिंडाने त्यांना पकडावे, ही कल्पना येथून पुढे आली.

== रक्तातील पातळीचा वाद ==

रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे कमी असतात की जास्त? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाची उत्तरे परस्परविरोधी आली. २०११ मधील एका अभ्यासात रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत ती वाढलेली आढळली. जर्मनीतील मारबुर्ग येथील रिचर्ड डोडेल यांच्या गटाने २०१३ मध्ये नेमके उलट सांगितले: निरोगी लोकांपेक्षा पार्किन्सनच्या रुग्णांत ती कमी असतात. पुढच्याच वर्षी आणखी एका जर्मन गटाने मोजमापाच्या पद्धतीतच चुकांच्या अनेक जागा असल्याचे दाखवून दिले.

या चुकांची कारणे समजण्याजोगी आहेत. रक्तातील बहुतेक सर्व आल्फा-सिन्युक्लिइन तांबड्या पेशींत असते. नमुना काढताना थोड्या पेशी फुटल्या तरी ते बाहेर पडते आणि प्रतिपिंडांना अडकवून ठेवते. शिवाय सैल पकडीचे प्रतिपिंड चाचणीच्या भांड्यालाही चिकटते. डेन्मार्कमधील संशोधकांनी म्हणून प्रतिपिंडांच्या संख्येपेक्षा त्यांच्या पकडीकडे लक्ष दिले. २०१७ मध्ये त्यांनी नोंदवले, की आल्फा-सिन्युक्लिइनला घट्ट धरणारी प्रतिपिंडे रुग्णांत कमी असतात. आजवरच्या निष्कर्षांत हा विशेष विचारात घेण्याजोगा आहे, कारण तो दोन्ही बाजूंच्या आकड्यांतील विसंगतीचा काही उलगडा करतो. तथापि या प्रतिपिंडांच्या मोजणीवरून रोगाचे निदान करता येत नाही.

== हानीची शक्यता ==

प्रतिपिंडे केवळ उपकारकच असतात, असे नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांच्या मेंदूत टोचली असता तेथील डोपामीन पेशी नष्ट झाल्या. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २००५ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूतील डोपामीन पेशींवर 'आयजीजी' प्रतिपिंडे चिकटलेली दिसली आणि भोवती भक्षक मायक्रोग्लिया पेशी सक्रिय झालेल्या आढळल्या. ही प्रतिपिंडे मुळात पेशी मारण्यासाठी आली, की मरणाऱ्या पेशी हटवण्यासाठी, हे मृत्यूनंतरच्या तपासणीवरून ठरवता येत नाही.

== औषध म्हणून प्रतिपिंडे ==

हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून तयार होणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये आल्फा-सिन्युक्लिइनविरोधी नैसर्गिक प्रतिपिंडे असतात. असेच इम्युनोग्लोब्युलिन अल्झायमर रोगावर मोठ्या चाचणीत वापरून पाहण्यात आले; २०१३ मध्ये त्याचे अपयश जाहीर झाले.

त्यानंतरचा प्रयत्न थेट निरोगी वृद्धांकडे वळला. उतारवयातही ज्यांचा मेंदू शाबूत आहे, त्यांच्या रक्तात काही संरक्षक प्रतिपिंड असेल, या विचाराने त्यांच्या स्मृतिपेशींतून एक मानवी प्रतिपिंड वेगळे करून 'सिनपॅनेमॅब' हे औषध बनवण्यात आले. सुरुवातीच्या अवस्थेतील ३५७ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. औषध आणि औषधविरहित द्रव यांच्या परिणामांत फरक आढळला नाही आणि २०२१ मध्ये काम थांबवण्यात आले. उंदराच्या प्रतिपिंडापासून घडवलेल्या 'प्रासिनेझुमॅब'च्या ३१६ रुग्णांवरील चाचणीतही मुख्य उद्दिष्ट साधले नाही. पुढे ५८६ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत (निकाल डिसेंबर २०२४) काही अनुकूल कल दिसला, पण तो संख्याशास्त्रीय निकषाला थोडक्यात उतरला नाही. तरीही २०२५ मध्ये उत्पादक कंपनीने तिसऱ्या टप्प्याची चाचणी घेण्याचे जाहीर केले.

या अपयशांची तीन संभाव्य कारणे सांगितली जातात. रक्तातील प्रतिपिंडांपैकी साधारण हजारात एक भागच रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडतो. शिवाय साठे पेशींच्या आत असतात, प्रतिपिंड मात्र बाहेर फिरते. आणि थरथर दिसू लागेपर्यंत डोपामीन पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो.

== भारतातील संदर्भ ==

मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन १४,०१० व्यक्तींची पाहणी करण्यात आली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३२८ पार्किन्सन रुग्ण आढळले. हा आकडा उंच दिसण्यामागे या समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण हे एक महत्त्वाचे कारण आहे, म्हणून तो इतर समाजांना सरसकट लावता येत नाही.

भारतातही रोगाचे निदान मुख्यतः लक्षणे आणि तज्ज्ञाची तपासणी यांवरूनच होते. लेव्होडोपा हे प्रमुख औषध आहे. ते डोपामीनची उणीव भरून काढते, परंतु पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. रुग्ण आणि कुटुंबीयांना व्यायाम, वाचा-उपचार व मानसिक आधार देण्याचे काम मुंबईत २००१ मध्ये डॉ. बी. एस. सिंघल यांनी स्थापन केलेली 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' आणि पुण्यातील 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' या संस्था करतात. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवून' पार्किन्सन बरा करण्याचे जाहिरातींतील दावे प्रतिपिंडांवरील या संशोधनाशी जोडता येत नाहीत. नैसर्गिक प्रतिपिंडांवर आधारलेला कोणताही उपचार या रोगासाठी अद्याप मान्यताप्राप्त नाही.